वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. वय एकोणतीस, डिप्लोमा झालेला, बेळगावजवळ मच्छेकडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सहा वर्षं काम. सहा महिन्यांपूर्वी तुम्हाला मोल्डिंग आणि पोअरिंगचं, म्हणजे वाळूचे साचे करणं आणि त्यांत वितळलेलं मेटल ओतणं याचं, सुपरवायझर केलं. हाताखाली चौदा माणसं. त्यातले तिघं पन्नाशीच्या पुढचे, ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम शिकलात. चौघं बैलहोंगल-सौंदत्तीकडचे, कन्नड बोलणारे, पाच जण बिहार-यूपीचे, दोघे खानापूरचे. वडील फौजेतून निवृत्त झालेले, आणि त्यांचं म्हणणं, आवाज काढल्याशिवाय माणूस हलत नाही. तुम्ही आवाज काढून बघितलात, माणसं तोंड फिरवून बसली. गोड बोलून बघितलंत, तर गृहीत धरलं. आणि सगळ्यात खुपतंय ते हे, की शिवजयंतीच्या चित्ररथाचं गल्लीतलं सगळं तुम्हीच बघता, तिथं चाळीस पोरं एका हाकेत जमतात. मग कारखान्यातच नेतृत्व का जमत नाही? पुण्याला जाऊन एखादा कोर्स करू का?

मी बेळगावच्या उद्यमबागेत एकतीस वर्षं काढली. मोल्डरचा हेल्पर म्हणून लागलो, शेवटची नऊ वर्षं अख्खी फाउंड्री बघत होतो. तेव्हा जे सांगतोय ते पुस्तकातलं नाही, आणि सगळ्या धंद्यांना लागू पडेल असाही माझा दावा नाही.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य मधेच येऊन गेलंय. "गेल्या महिन्यात ब्लोहोलमुळं (नगाच्या आतल्या पोकळीमुळं) रिजेक्शन आलं तेव्हा वाळू ओली होती हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं." मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न हा आहे. चौदा माणसांना ठाऊक असलेली गोष्ट पंधराव्याला, म्हणजे ज्याला ती सगळ्यात आधी कळायला हवी त्याला, पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधून कळली. माणसं ऐकतात की नाही हे त्यापुढं लहान आहे. सुपरवायझर कसा आहे हे मला बघायचं असेल तर मी एकच गोष्ट बघतो: बिघडलेलं काम त्याच्या कानावर किती मिनिटांत येतं.

आपल्या धंद्यात याला फार किंमत आहे, कारण ओतकामातली चूक आत लपून बसते. वरून नग स्वच्छ, रंग मारला की देखणा. आतली पोकळी दिसते ती टूल आत गेल्यावर. तोवर त्यावर फेटलिंग, म्हणजे घासून साफ करणं, झालेलं असतं, वाहतूक झालेली असते, मशीनिंगचे तास गेलेले असतात. मोल्ड बंद करण्याआधी कुणी "थांबा" म्हटलं असतं तर नुकसान एका बॉक्सपुरतं, म्हणजे एका साच्यापुरतं. न म्हटल्यावर काय होतं, ते तुम्ही गेल्या महिन्यात बघितलंत.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. २००६ साल. आम्ही नुकतंच एसजी आयर्न, म्हणजे आतलं ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं लोखंड, सुरू केलं होतं. तुम्हाला माहीत आहे, मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. दहा-बारा मिनिटांत मेटल मोल्डमध्ये गेलं पाहिजे, नाहीतर मॅग्नेशियम उडून जातं आणि ग्राफाइटचे गोळे होत नाहीत. उशीर झाला तर मेटल पिग करायचं, म्हणजे ओतून टाकायचं आणि पुन्हा चार्जला घ्यायचं, असा नियम मीच फळ्यावर लिहिला होता. आणि मीच एका सोमवारी, एका पोअररनं लॅडल, म्हणजे मेटलची अख्खी बादली, पिग केली म्हणून, सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. "तीनशे किलो मेटल घालवलंस? कुणाच्या पगारातनं कापू?" तो पोरगा बैलहोंगलकडचा, पंचवीसेक वर्षांचा. त्यानं हातातला लांब दांडा भिंतीला टेकवला आणि गप्प उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याच्याच पाळीत ट्रीटमेंट झाल्यावर लॅडल उचलणारा हॉइस्ट अडकला. इलेक्ट्रिशियन येईस्तोवर लॅडल लोंबकळत राहिली. नंतर मला बाकीच्यांनी सांगितलं, तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. सतराव्या मिनिटाला हॉइस्ट सुटला आणि त्यानं सगळे मोल्ड भरले. कुणाला काही बोलला नाही. सँपल पहिल्या मोल्डच्या वेळचं गेलं, खरं तर ते शेवटच्या मेटलचं जायला हवं होतं. आणि लॅबमध्ये ते कसंबसं पास झालं. तीन आठवड्यांनी शंभरावर नग परत आले. कापून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गोळ्यांच्या जागी किड्यासारखे वळवळणारे आकार.

मी त्याला ऑफिसात बोलावलं. मालक बसलेले. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "हेळबेकंत इद्देरि, अंजिकी आत्रि." सांगायचं होतं, भीती वाटली. मला तेव्हा कन्नड फार येत नव्हतं, पण हे दोन तुकडे कळले. त्या दिवशी मी मालकांना सांगितलं की चूक माझी आहे, पिग केल्याबद्दल शिक्षा देऊन मीच याला न सांगायला शिकवलं. मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. मोठेपणा म्हणून मी तसं बोललो नव्हतो. हिशोबच तसा होता. तीनशे किलो पिग केल्याचं नुकसान म्हणजे वीज, मॅग्नेशियम आणि तासाभराचं काम. ते वाचवायला गेलो आणि त्याच्या कितीतरी पट गमावलं, वर गिऱ्हाइकाच्या दारात महिनाभर हात जोडून उभा राहिलो.

म्हणून पहिली गोष्ट ही धरा: वाईट बातमी आणणाऱ्याला पहिल्या पाच सेकंदांत तुम्ही काय बोलता, यावर पुढची वाईट बातमी येणार की नाही हे ठरतं. मी स्वतःला एक वाक्य घोकून घोकून लावून घेतलं, "बरं झालं सांगितलंस. मेटल कुठाय?" आधी मेटलचं बघायचं, मग माणसाचं. कारण शोधायचं, पण संध्याकाळी, दोघं बसून. पाच-सहा वेळा असं झालं की माणसं तुम्हाला तपासणं सोडतात आणि सांगायला लागतात. पाच-सहा वेळा म्हणजे चार-पाच महिने धरा. आणि मधे एकदा जरी तुमचा तोल गेला तर मोजणी पुन्हा एकपासून. हे मी अनुभवानं सांगतोय, माझी मोजणी तीनदा मोडली.

आता तुमचा चित्ररथ. तिथं नेतृत्व जमतं आणि इथं नाही असं तुम्हाला वाटतं. पण आठवून बघा, मिरवणुकीच्या रात्री जनरेटर बंद पडला तर पोरं काय करतात? धावत तुमच्याकडं येतात. कुणाची चूक, कुणी डिझेल बघितलं नाही, हे नंतर. कारण रथ सगळ्यांचा आहे आणि तुम्ही त्या क्षणी कुणाचा पगार कापू शकत नाही. कारखान्यात तोच माणूस पोटासाठी येतो आणि त्याच्या पोटाची दोरी तुमच्या हातात आहे असं त्याला वाटतं. माणूस तुम्ही तोच आहात. त्याला तुमच्यापासून असलेला धोका बदललाय. त्यामुळं गल्लीतली हाक इथं जशीच्या तशी चालणार नाही, पण जनरेटर बंद पडल्यावर तुम्ही तिथं कसे वागता ते मात्र उचलून इथं आणा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या न सांगता पुढं गेलो तर तुमची फसवणूक होईल. तुमचे मोल्डर पगारी आहेत की बॉक्समागं पैसे घेतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बॉक्समागं पैसे असतील आणि खराब बॉक्सचे मिळत नसतील, तर "वाळू ओली आहे" असं सांगणं म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे काढून देणं. तिथं तुमच्या गोड बोलण्यानं काही होणार नाही. मालकांशी बोलून एवढं तरी करून घ्या, की मोल्ड बंद करण्याआधी ज्यानं स्वतःहून दोष दाखवला त्याला त्या बॉक्सचे पैसे मिळतील. आम्ही हे केलं तेव्हा मालकांना धास्ती होती की लोक खोटे दोष दाखवतील. सुरुवातीचे पंधरा दिवस दोघांनी दाखवलेही. बाकीच्यांनीच त्यांना गप्प केलं. दुसरं, मालक तुमच्या पाठीशी आहेत का? तुम्ही चूक अंगावर घेतली आणि वरून तुमच्यावरच कारवाई झाली, तर हे चालणार नाही. तसं असेल तर आधी मालकांशी स्पष्ट बोला, माणसांशी नंतर.

वयानं मोठ्या तिघांबद्दल जरा लांबण लावतो, कारण बहुतेक नव्या सुपरवायझरचा घात इथं होतो.

आमच्याकडं एक मोल्डरमामा होते. अंगठा छाप, पण वाळूचा असा जाणकार मी दुसरा बघितला नाही. मुठीत वाळू घ्यायचे, दाबायचे, मूठ उघडून त्या गोळ्यावर बोटांचे ठसे बघायचे, मग गोळा मधोमध मोडून त्याची कड बघायचे. एका डिसेंबरात, बेळगावच्या त्या कडाक्याच्या सकाळी, मिक्सरवरच्या टेस्टरनं ओलावा साडेतीन टक्के दाखवला, म्हणजे हवा तेवढाच. मामा म्हणाले, "वाळू घामेजलीया. आज नको." मी तेव्हा नवा सुपरवायझर, हातात रीडिंगचा कागद. म्हणालो, मामा, रीडिंग बरोबर आहे, चालू करा. त्यांनी काही न बोलता चालू केलं. त्या दिवशी मोल्ड पॅटर्नला, म्हणजे ज्यावर वाळू दाबून साचा करतात त्या नमुन्याला, चिकटायला लागले आणि निघालेल्या नगांवर ब्लोहोल.

नंतर डोकं चालवलं तेव्हा उलगडलं. नाईट शिफ्टची वाळू थंड व्हायच्या आत परत आली होती. गरम वाळू थंडगार पॅटर्नवर पडली की वाफेचं पाणी तिथं धरतं, चहाच्या भांड्यावरच्या झाकणासारखं. टेस्टरनं मिक्सरमधला ओलावा मोजला, मामांनी पॅटर्नला लागणारा. दोघंही खरे होते. मी फक्त एकाचं ऐकलं. त्याहून वाईट म्हणजे, त्यानंतर चार महिने मामा मला काही म्हणाले नाहीत. "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." ज्या पोराला कडेवर खेळवल्यागत शिकवलं त्याला ते साहेब म्हणायला लागले, तेव्हा मला समजायला हवं होतं.

शेवटी मी एका दुपारी डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "मामा, त्या दिवशी माझं चुकलं. घामेजलेली वाळू कशी ओळखायची ते मला दाखवा." त्यांनी डबा बाजूला ठेवला, माझ्या तळहातावर वाळू ठेवली आणि माझी मूठ त्यांच्या मुठीत धरून दाबली. दाबली ती जोरात. मग त्यांनी पुढची तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मला रोज सकाळी वाळूची बातमी दिली, मी विचारायच्या आधी.

तुमच्या तिघांना त्यांच्या हातातल्या कामात हुकूम देऊ नका. काय ओतायचंय, किती, कधीपर्यंत, हे तुम्ही ठरवा. कसं, हे त्यांना विचारा, आणि विचारताना खरंच विचारा. आधी ठरवून मग विचारल्यासारखं करणं त्यांना लगेच कळतं. हाक मारताना मामा-काका असू दे, सुपरवायझर झालात म्हणून नावावर येऊ नका. एखादी गोष्ट त्यांच्या मताविरुद्ध करावी लागली तर कारण सांगा आणि हेही सांगा, की बिघडलं तर माझं.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आपल्या घरांत हा विषय दुखरा आहे, मला कल्पना आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माझे वडील तेव्हा शाळेत होते; त्यांनी ते दुःख आयुष्यभर उराशी धरलं आणि मी त्यांच्याच पंक्तीतला आहे. माझं शिक्षण मराठीत झालं, घरात मराठीच आहे, त्यात काही बदललं नाही. पण भट्टीसमोर गोष्ट वेगळी आहे. घाबरलेला माणूस त्याच्या आईच्या भाषेत बोलतो. त्या पोअररला मराठी येत होतं, कामापुरतं. हॉइस्ट अडकला त्या सतरा मिनिटांत त्याला मराठीत वाक्य जुळवून माझ्याकडं यायचं होतं, तेही मागच्या आठवड्याची बोलणी डोक्यात घेऊन. त्यानंतर मी कन्नड शिकलो. व्याकरण नाही, दोन शब्द आधी: "एनातु? हेळ्री." काय झालं, सांगा. सौंदत्तीच्या माणसाला त्याच्या भाषेत हे विचारलं की तो अर्धी लढाई तिथंच सोडतो. बिहारच्या पोरांना तुम्ही हिंदीत बोलत असालच, पण त्यांच्यात एक जण असा असतो जो सगळ्यांच्या वतीनं बोलतो. त्याच्याकडून सगळं ऐकायची सवय लावू नका. बाकी चौघांची तोंडं बंद राहतात.

आता वडिलांचं म्हणणं. आपल्याकडं घराआड एक फौजी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरच इथं, त्यामुळं परेडचा आवाज लहानपणापासून कानात. पण आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदार मला एकदा म्हणाले होते, लांबच्या मार्चनंतर जवानांचे बूट काढायला लावून एकेकाचे पाय बघायचे, फोड आलेत का, हे काम चांगला अधिकारी दुसऱ्यावर सोडत नाही. आवाज आपल्याला मैदानाच्या कुंपणाबाहेरूनही ऐकू येतो, ते पाय बघणं दिसत नाही. वडिलांना विचारून बघा, त्यांचे पाय कुणी बघितले होते. माझी खात्री आहे त्यांना नाव आठवेल.

आणि आवाज काढायचाच नाही असं मी म्हणत नाही. चूक होणं आणि धोका पत्करणं यांत मी कायम फरक केला. ओलसर लॅडलमध्ये मेटल घेणं, गॉगलशिवाय भट्टीपुढं उभं राहणं, कुणी खाली असताना लोड फिरवणं, याला माझ्याकडं दुसरी संधी नव्हती. त्या दिवशी घरी. मग तो मामा असो की मालकांचा भाचा. ओल्या लॅडलमध्ये चौदाशे अंशांचं मेटल पडलं की क्षणात वाफ होऊन कसं उडतं ते मी बघितलंय, आणि ज्यांनी बघितलंय त्यांना माझ्या ओरडण्याचा कधी राग आला नाही. तुम्ही रिजेक्शनसाठी आणि सुरक्षेसाठी एकाच पट्टीत ओरडता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग माणसाला कळत नाही कुठली आग खरी.

हे सगळं मी घरी मात्र फार उशिरा आणलं. माझा मुलगा कॉलेजात असताना गोगटे सर्कलला गाडीवरून पडला. हाताला मुका मार, गाडीचा पुढचा भाग गेलेला. आईला त्याच रात्री सांगितलं, मला चार दिवसांनी, तेही तिच्याकडून. कारखान्यात माणसं माझ्याकडं पाच मिनिटांत यायची आणि घरातला मुलगा चार दिवस घेत होता. तेव्हा लक्षात आलं की दाराशी चपला काढताना मी "बरं झालं सांगितलंस" पण तिथंच काढून ठेवत होतो. त्याच्याशी ते वाक्य बोलायला मला कारखान्यापेक्षा जास्त वेळ लागला.

कोर्सचं म्हणाल तर कंपनी पाठवत असेल तर जरूर जा. चार नवी माणसं भेटतात, बोलायची भीड जाते. स्वतःचे पैसे घालून आत्ताच जाऊ नका. आधी सहा महिने पुढचं एवढं करून बघा.

शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं मोल्डिंगपाशी उभे राहा, ऑफिसात नाही. "सगळं ठीक?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "ठीक" हेच असतं. "काल काय बिघडलं?" असं विचारा. पहिले आठ-दहा दिवस कुणी काही बोलणार नाही. मग तुम्हीच तुमची एखादी कालची चूक सांगा, खरी, उगाच बनवलेली नको. खिशात एक छोटी वही ठेवा. त्यात नावं लिहू नका, कुणी वही उघडून बघितली तरी चालेल अशी असू दे. दोनच रकाने: काय बिघडलं, आणि बिघडल्यापासून किती वेळानं मला कळलं. गेल्या महिन्याच्या ओल्या वाळूपुढं आजच पंधरा दिवस लिहून टाका.

आणि त्या तिघांपैकी ज्यांनी तुम्हाला पहिल्यांदा मोल्ड करायला शिकवलं, त्यांच्यापाशी उद्या डबा घेऊन बसा. ती वाळू ओली आहे हे त्यांना कशावरून कळलं, एवढंच विचारा.